हरसूल ते नाशिक : वाटेवरची दानपत्रे

हरसूलच्या माणसाला नाशिक परके नाही. दुकानाचा माल, कोर्टकचेरी, दवाखाना, मुलामुलींची महाविद्यालये, सोयरिकी अशा या ना त्या निमित्ताने आपले तेथे जाणे होतच असते. काम उरकले की परतीची वाट धरायची, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. बाहेरगावचे पाहुणे आले आणि त्यांनी ‘नाशिकला पाहण्यासारखे काय?’ असे विचारले, म्हणजे मात्र आपली अडचण होते. रामकुंड, काळाराम, सायंकाळी गंगापूर रस्त्याने एक फेरफटका, येथे आपली यादी संपते. वस्तुतः मोगल अमदानीत ज्या नगराला ‘गुलशनाबाद’ म्हणजे बागांचे शहर असे नाव मिळाले, त्या या हिरव्यागार आणि गजबजलेल्या शहराच्या परिसरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातही आपण व्यापारी समाज म्हणून जे आवर्जून पाहावे, ते आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच पडलेले आहे.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय घेण्याचे कारण एवढेच की, या वाटेवर दगडात आणि तांब्यात कोरलेले जे जुने लेख आहेत, त्यांतील कित्येक लेख राजांच्या विजयांचे नसून ठेवी, व्याज, दुकानांचे भाडे आणि जकात यांचे आहेत. विश्वस्त निधी म्हणजे काय, तो कसा चालवावा, याचा या मुलखातील सर्वांत जुना पुरावा तेथे वाचावयास मिळतो. संस्थेची पन्नास वर्षे मोजताना ही जुनी खातेवही एकदा उघडून पाहणे उचित ठरेल.

प्रथम आपल्या गावाविषयी थोडेसे. हरसूल हे पूर्वी पेठ संस्थानात होते. संस्थानच्या बेगमेच्या निधनानंतर १८७८ साली ते इंग्रजी मुलखात सामील झाले. त्याआधी डिसेंबर १८५७ मध्ये त्र्यंबक, हरसूल आणि पेठ या पट्ट्यात कोळी, ठाकूर व भिल्ल यांचा उठाव झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पेठच्या भगवंतराव नीळकंठराव यांना इंग्रजांनी फाशी दिले. बाजार लुटला गेला म्हणजे दुकाने लुटली गेली. ती का लुटली गेली, कर्जाच्या वह्या आणि सरकारी खजिना यांच्यावर एकाच वेळी राग का उसळला, हा प्रश्न आपण व्यापाऱ्यांनी टाळू नये. ज्या आदिवासी बांधवांच्या बाजारहाटावर आपली दुकाने चालली, त्यांच्याशी आपले नाते कसे होते, हाही आपल्या इतिहासाचाच भाग आहे.

आता वाटेला लागू. हरसूलहून नाशिकला जाण्याच्या दोन वाटा. एक त्र्यंबकवरून, दुसरी वाघेरा घाटाने गिरणारे, गंगापूर अशी. जाताना पहिली धरावी, येताना दुसरी, म्हणजे दोन्ही पाहून होतात.

त्र्यंबक सोडून नाशिककडे निघाले की उजव्या हाताला अंजनेरीचा विस्तीर्ण डोंगर दिसतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे आणि पावसाळ्यात तरुण मंडळी वर जातातही. येथील वनसंपदा इतकी वैशिष्ट्यपूर्ण की कंदीलपुष्पाच्या वर्गातील एक वनस्पती २००६ साली नवी जात म्हणून नोंदली गेली, तेव्हा तिला ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ असे या डोंगराचेच नाव देण्यात आले. २०१७ मध्ये हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. डोंगर चढणाऱ्यांपैकी फारच थोडे जण पायथ्याच्या गावातील मंदिरांकडे वळतात. तेथे यादवकालीन सोळा मंदिरांचा समूह आहे. त्यांतील बहुतेक मंदिरे जैन आहेत. काही उभी आहेत, काहींचे केवळ जोते आणि विखुरलेले कोरीव दगड उरले आहेत. भारतीय पुरातत्त्व विभागाचे त्यांना संरक्षण आहे.

यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा संस्कृत शिलालेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केला. लेख यादव कुळातील सेउणदेवाच्या काळचा. आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिराला नगरातील काही दुकाने दिल्याची त्यात नोंद आहे. राजदरबाराच्या दानाखालोखाल वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याचे नाव येते. त्याने लाहड आणि दशरथ या दोघांसह एक दुकान व एक घर मंदिराला अर्पण केले. रोकड दिली असती तर ती खर्चून संपली असती. दुकान दिले म्हणजे भाडे येत राहणार, त्यातून पूजा, दुरुस्ती, साधूंची व्यवस्था होत राहणार. आजही आपल्या अनेक संस्थांच्या इमारतींना खाली गाळे आणि वर सभागृह असते, त्याचे मूळ कोठे आहे हे वेगळे सांगावयास नको.

या लेखाहूनही चार शतके जुने असे ताम्रपट याच अंजनेरीत सापडले. हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती नावाच्या राजाचे ते असून त्यांचा काळ इ.स. ७१० च्या सुमाराचा आहे. उद्ध्वस्त झालेले समगिरिपट्टण नावाचे नगर पुन्हा वसविण्यात आले, त्या वेळी एल श्रेष्ठी आणि करपुट श्रेष्ठी या दोन व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती त्यात आहेत. चंद्रसूर्य असेपर्यंत तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ. निपुत्रिकाचे धन सरकारजमा होणार नाही. राजाच्या अधिकाऱ्यांना घरी उतरवून घेण्याची व जेवू घालण्याची सक्ती नाही. मुलीच्या अंगावर हात टाकणाऱ्यास १०८ रुपक दंड, व्यापाऱ्याने हमाल स्त्रीशी गैरवर्तन केल्यास त्यालाही १०८ रुपक. नगरातील आठ किंवा सोळा वडीलधाऱ्यांनी जो निर्णय द्यावा तो सर्वांनी मानावा. सवलत मागणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच पत्रात त्याच्या स्वतःच्या वर्तनाचीही अट घातली गेली, ही गोष्ट मला त्या जकातमाफीपेक्षा अधिक मोलाची वाटते. पंचमंडळी हा शब्द आपण सहज वापरतो, तिचे असे लेखी रूप आपल्या वाटेवर तेराशे वर्षांपूर्वी कोरले गेले होते.

अंजनेरीलाच नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली एक संस्था १९८० पासून आहे. भारतीय नाण्यांचा एवढा व्यवस्थित अभ्यास होणारी ठिकाणे देशात थोडीच. आगाऊ चौकशी करून मुलांना तेथे जरूर न्यावे. सराफीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांना तर तेथून लवकर पाय निघणार नाही. नाशिक परिसराची नाण्यांच्या इतिहासात एक खास जागा आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले चिन्ह पुन्हा ठोकलेले आहे. राज्य बदलले, चांदी तीच राहिली. नवा राजा जुनी नाणी आटवत बसला नाही, त्यांवरच आपला छाप मारून त्याने ती बाजारात फिरती ठेवली.

याच नहपानाचा जावई उषवदात, ज्याला ऋषभदत्त असेही म्हणतात, त्याचा लेख वाचण्यासाठी शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेणींवर जावे. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वृद्धांनी सकाळच्या गारव्यात चढावे. चोवीस लेण्यांचा हा समूह बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेला आहे. आपल्याकडे काही उत्साही मंडळी जुने ते सर्व जैन असे सांगून मोकळी होतात. तसे करण्याची काहीही गरज नाही. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात भगवान ऋषभनाथ आणि अंबिकादेवी यांच्या मूर्ती आहेत, त्या पुष्कळ शतकांनंतर कोरलेल्या आहेत. मूळ लेणे शिवमित्र नावाच्या लेखकाचा मुलगा रामणक याने दिलेले. एका धर्माच्या रिकाम्या झालेल्या वास्तूत दुसऱ्या धर्माची उपासना सुरू झाली, एवढीच सरळ हकिकत आहे आणि ती तशीच सांगावी.

दहाव्या लेण्याच्या ओसरीतील लेखात उषवदात म्हणतो की, त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव गोवर्धन नगरातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवली. एका श्रेणीकडे दोन हजार, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे एक हजार, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे.

आपण व्यापारी आहोत, तेव्हा हिशेब करून पाहू. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही, एक तिकडे नाही. आधी खर्च किती ते ठरवले, मग व्याजाचा दर पाहिला आणि मग तेवढेच मुद्दल ठेवले, असे हे दान आहे. आपण ज्याला कायम निधी म्हणतो तो हाच. उरलेल्या एक हजारावर वर्षाला नव्वद येतात, ते ‘कुशणमूला’साठी. या शब्दाचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात. पुढे लेखात असेही आहे की, हे सर्व निगमसभेत जाहीर करून सांगितले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले. आपल्या संस्थांना १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करावी लागली, वार्षिक हिशेब सर्वांसमोर मांडावे लागले. ही जाहीर नोंद दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या जावयालाही आवश्यक वाटली होती. त्याच लेखात सुवर्ण आणि कार्षापण यांचा भावही दिला आहे, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, असे गणित त्याने स्वतःच मांडून ठेवले आहे.

उषवदाताच्या आणखी एका दानाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर त्याने नावांनी विनामूल्य उतार चालू केले. दमण म्हणजे आपल्या बाजूचे पाणी घेऊन कोकणात उतरणारी दमणगंगा, पारदा म्हणजे पार नदी. पश्चिमेच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटसरूंना नदी ओलांडताना पैसा पडू नये, हा त्यामागचा हेतू. बंदरापासून गोदावरीकाठच्या नगरापर्यंतच्या व्यापारात आपल्या घाटवाटांचा वाटा किती मोठा असेल, याची त्यावरून कल्पना यावी.

दान केवळ राजघराण्यांचेच होते असेही नाही. सहाव्या लेण्यात वीर नावाच्या व्यापाऱ्याचा लेख आहे. चार खोल्यांच्या त्या लेण्यात एक खोली पत्नी नंदसिरी हिच्या आणि एक मुलगी पुरिसदत्ता हिच्या नावे, अशी स्पष्ट नोंद त्याने करून ठेवली. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास. ‘दासक’ या त्याच्या उपाधीचा अर्थ अभ्यासकांनी मासे धरणारा असा केला आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली आणि ती कुंभार, पाणयंत्रे करणारे व तेली अशा वेगवेगळ्या श्रेणींकडे वाटून दिली. सर्व पैसा एकाच ठिकाणी न ठेवण्याची दक्षता एका स्त्रीने सतराशे वर्षांपूर्वी घेतली, हे आपल्या महिला मंडळाने अवश्य ध्यानात घ्यावे. आमच्या दानाच्या पाट्यांवर अजूनही कित्येकदा मातोश्रींचे नाव ‘कै. अमुक यांच्या पत्नी’ एवढ्यावर संपते.

एकोणिसावे लेणे या समूहातील सर्वांत जुने, सातवाहन राजा कृष्णाच्या काळचे. श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या नाशिकच्या अधिकाऱ्याने ते करविले असे त्यावर लिहिले आहे. म्हणजे नाशिक हे नाव तेव्हापासून दगडावर आहे.

शहरात शिरल्यावर पाहावयाच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. गोदाकाठी नारोशंकराचे मंदिर १७४७ चे. त्याची प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर ती येथे आली. शेजारी दुतोंड्या मारुती. त्याच्या कितव्या अंगापर्यंत पाणी चढले यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात आणि सराफ बाजारातील दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. सुंदरनारायण मंदिर १७५६ चे. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. त्याच्या महाद्वारासमोर उभे राहताना २ मार्च १९३० हा दिवसही आठवावा. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांनी मंदिरप्रवेशासाठी येथे सत्याग्रह आरंभला, तो पुढे काही वर्षे चालला आणि तरीही त्या वेळी दरवाजा उघडला नाही. भांडी बाजारात तांब्यापितळेचा ठोका अजून कानी पडतो. वाचनाची आवड असणाऱ्यांनी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात डोकवावे. भुकेची व्यवस्था म्हणाल तर नाशिकची मिसळ प्रसिद्धच आहे. कांदालसणाशिवाय हवी असल्यास आधी सांगावे, बहुतेक ठिकाणी मिळते. सूर्यास्तापूर्वी आटोपण्याचे मात्र आपले आपण पाहावे.

दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळजवळ गजपंथा सिद्धक्षेत्र आहे. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. चारशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर अकराव्या-बाराव्या शतकातील जैन लेणी लागतात. लोक त्यांना चांभार लेणी म्हणतात. वरून दक्षिणेला नाशिकचे सारे पसरलेले शहर आणि द्राक्षमळे दिसतात. अलीकडे झालेले विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ महामार्गावरच असल्याने तेथे आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आलेले असतील.

परंतु नाशिक शहरातील जे जैन स्थान सर्वांत अधिक नावाजलेले होते, ते आज पाहता येत नाही. आचार्य जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ हा ग्रंथ रचला. त्यात नाशिकवर स्वतंत्र प्रकरण आहे, ‘नासिक्यपुरकल्प’. तेथील चंद्रप्रभस्वामींच्या मंदिराचे आणि त्याला ‘कुंतीविहार’ म्हणत असल्याचे वर्णन त्यात येते. माता कुंतीने त्याचा जीर्णोद्धार केला, अशी कथा आहे. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी सातशे वर्षांपूर्वी नाशिकला चंद्रप्रभांचे मोठे तीर्थ होते यात संशय नाही. त्या मंदिराचा आज मागमूस नाही. अंजनेरीलाही चंद्रप्रभांचेच मंदिर होते. तेथे मात्र निदान मोडक्या भिंती उभ्या आहेत आणि दुकाने कोणी दिली त्यांची नावेही आपल्याला ठाऊक आहेत. वत्सराज, लाहड आणि दशरथ यांच्यापेक्षा मोठे दाते नाशिकच्या मंदिराला लाभले नसतील असे थोडेच आहे? त्यांचे दान दगडावर चढले असेल तर तो दगड हाती आलेला नाही.

परतताना गंगापूर रस्त्याने यावे. पावसाळ्यात सोमेश्वरजवळचा गोदावरीचा धबधबा पाहण्याजोगा असतो. मुले बरोबर असतील तर पाण्यापासून दूर राहावे. पुढे गोवर्धन गाव लागते. उषवदाताने ज्या विणकरांकडे तीन हजार कार्षापण ठेवले, ते गोवर्धन नगर हेच, असे अभ्यासक मानतात. रस्त्यावरून जाताना त्याची काहीच खूण जाणवत नाही. माग नाहीत, श्रेणी नाही, ठेवही कधी संपली ते कोठे लिहिलेले नाही. तेथून गंगापूर धरणाचे पाणी डावीकडे ठेवून गिरणारे आणि मग वाघेऱ्याचा घाट.

ही वाट पाहून आल्यावर एक गोष्ट सर्व समाजबांधवांनी करावी, अशी विनंती आहे. आपल्या घरांच्या माळ्यांवर वाडवडिलांच्या लाल बासनातल्या वह्या अजून कोठे कोठे असतील. दिवाळीत नव्या वहीचे पूजन झाले की जुन्या रद्दीत जातात, त्यांतल्या पुष्कळ गेल्याच. त्यात पांजरपोळ, पाणपोई, मंदिर, चातुर्मास, शाळेचा फंड अशा नावांनी लिहिलेल्या रकमा असतात. कोणाच्या घरच्या बाईने दागिना मोडून दिलेला पैसाही कधी ‘घरखाते’ म्हणून त्यातच जमा असतो. आदिवासी कुळांशी झालेले व्यवहारही असतील, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. अशी वही, संस्थेच्या सुरुवातीच्या सभांचे इतिवृत्त, देणगीची पावती किंवा पायाभरणीचे छायाचित्र ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ते विश्वस्तांना दाखवावे. मूळ वही घरीच राहू द्यावी, पानांची छायाचित्रे तेवढी काढून घेता येतील. पाने चिकटली असल्यास ओढून सोडवू नयेत. मोडी लिपीतील किंवा मारवाडी-गुजराती वळणाच्या अक्षरातील नोंदी आताच्या पिढीला वाचता येत नाहीत. ज्या ज्येष्ठांना ती अक्षरे लागतात, त्यांनी चातुर्मासात दुपारचा तासभर त्यासाठी राखून ठेवावा.